घसरलेला शब्द

डरहॅमच्या तळघरात, बहुधा नदीच्याही पातळीखाली,
मी सकाळपासून कड्या घासतेय.
एका कडीत चार कड्या गुंतलेल्या, त्या प्रत्येकीत आणखी चार.
गंज सुटतो चहाच्या गाळासारखा.
नोंदवहीत रकाने आहेत: वस्तू, धातू, काळ, उपयोग.
पहिल्या रकान्यात लिहिलं, हॉबर्क,
आणि थांबले, कारण
अँब्रोझ टिंडल जिना उतरत होते,
आधी काठी, मग बूट, मग ते स्वतः.

चाळीस वर्षं शब्द वेचत हिंडले हे गृहस्थ,
खाणींच्या गावांतून, मेंढ्यांच्या बाजारांतून.
आता गळ्यात भोक आहे, शर्टाच्या बटणाएवढं.
आवाजाची पेटी डॉक्टरांनी काढून नेली.
बोलायचं तर बोटानं ते भोक दाबावं लागतं,
म्हणून ते शब्द उधळत नाहीत.
मोजून देतात, महिनाअखेरीसारखे.

"हेआल्स." श्वास. "मान."
"बेओर्ग." श्वास. "सांभाळ. आडोसा."
मग दोन्ही सांधून एकदम: "हेआल्सबेओर्ग."
मान सांभाळणारं काहीतरी.
एवढंच होतं ते मुळात.

समोर पसरलेला लोखंडी अंगरखा
पार गुडघ्यांपर्यंत येणारा.
मी त्याच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.
"प्रवासात घसरला," ते म्हणाले.
या शब्दाचं एक चुलत भावंड होतं, समुद्रापलीकडे.
फ्रेंचांच्या तोंडात त्यातला 'ल' विरघळला,
मान होती तिथं नुसती एक हाक उरली.
नॉर्मनांच्या जहाजांतून तो इकडे उतरला तेव्हा
खांद्यांवरून छातीवर, छातीवरून मांड्यांवर आलेला.
सगळं अंग झाकायला शिकला होता,
फक्त कशासाठी जन्मलो ते विसरून.

"मग मानेचं काय?" मी विचारलं.
ते हसले. हसू तोंडातून आलंच नाही,
खालून आलं, फट राहिलेल्या खिडकीतून वारा यावा तसं.

त्यांना अजून सांगायचं होतं.
हार्बर म्हणे त्याच घराण्यातला:
आधी सैन्याच्या मुक्कामाचा आडोसा,
आता होड्या आणि आइसक्रीमच्या गाड्या.
गढीचा शब्दही तोच, आज तिथं लोक घरपट्टी भरतात.
"आणि पुरणं," ते म्हणाले. "तेही त्याच धातूतलं.
मातीसुद्धा सांभाळतेच."
मग त्यांनी बोट काढलं
आणि बराच वेळ काढलेलंच ठेवलं.

वर कुणीतरी शाळेची सहल मोजत होतं, एकवीस, बावीस,
पुन्हा पहिल्यापासून.

गळ्यातला रुमाल सोडून त्यांनी टेबलावर ठेवला.
भोकापुढं बांधायची विणलेली जाळी,
धूळ नि थंडी अडावी म्हणून.
थर्झानं जाताना अकरा विणून ठेवल्या होत्या.
दोन हिवाळे झाले. ही शेवटची.
एका कोपऱ्यात टाका सुटून फास मोकळा पडलेला.

मी आधी पाहिलं नव्हतं कसं, कोण जाणे:
एका फासात दुसरा, दुसऱ्यात पुढचा.
लोखंडाशेजारी लोकर,
आणि दोन्हींत भोकंच जास्त.

त्यांनी बोट पुन्हा दाबलं.
"जुन्या भाषेत," ते म्हणाले,
"गळ्याशी धरणं आणि विनवणं
एकाच शब्दात होत असे."
पुढं काही मागितलं नाही.
गळ्यात पडायला त्यांना तेवढंच पुरलं.

मी तीनदा हात धुतले, नखांतला गंज जाईपर्यंत.
कड्या उचलायची बारीक सुई घेतली.
लोकर लोखंडापेक्षा कठीण, वाकते तिकडे पळते.
मला साडेबारा वाजले.

ते गेल्यावर उपयोगाचा रकाना भरला.
एकच शब्द लिहिला: मान.
मिसेस पेंडलबरी उद्या तो खोडतील,
वर लाल शाईत लिहितील, धड व मांड्या,
आणि त्यांचं बरोबरच असेल.